आधी कोश, मग काव्य

रघुनंदन भीमाचार्य तोरगल (१९४७–२०२४), राहणार चामराजपेट, बेंगळूरु. निवृत्त दूरध्वनी अभियंता. घराणे साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि तेव्हापासून घरात मराठी, रस्त्यावर कन्नड व देवापुढे संस्कृत बोलत राहिले. एवढ्या भाषा एका माणसाला पुरतात. रघुनंदनरावांना पुरल्या नाहीत, याचे श्रेय त्यांच्या नातीकडे जाते.

नात संहिता नोकरीनिमित्त व्हाइटफील्डला राहावयास गेली. चामराजपेट आणि व्हाइटफील्ड ही एकाच शहरात गणली जातात, हा नकाशा काढणाऱ्यांचा मोठेपणा. लहानपणी जी मुलगी आजोबांपुढे मांडी घालून संस्कृत कोशाचे श्लोक म्हणत असे, ती आता कधीमधी येई, "सगळं सरी ना, अज्जा?" अशी खुशाली विचारी आणि उत्तराची वाट न पाहता फोनमध्ये डोके घाली. एकदा मात्र तिने डोके वर काढले. रविवारी व्हाइटफील्डला काही मंडळी जमून एक प्राचीन ग्रीक महाकाव्य मूळ भाषेत वाचतात; तेथे जोडीने वाचण्याची पद्धत आहे; आणि तिला जोडीदार नाही.

"तुम्ही येता का, अज्जा?"

रघुनंदनरावांनी तत्काळ होकार दिला. ग्रीसशी त्यांना काही कर्तव्य नव्हते. नातीच्या शेजारची खुर्ची हवी होती. परंतु असे कबूल करणे शिस्तीत बसत नसल्यामुळे त्यांनी 'तौलनिक भाषाभ्यास' असे कारण जाहीर केले.

संहिताने त्यांना काव्यात पावलोपावली भेटणारे शब्द आधी सांगितले: आणि, पण, मग, तो, म्हणाला.

"हे काय?"

"एवढे आले की अर्धी ओळ कळते, अज्जा."

"'आणि' शिकायला मी ग्रीसपर्यंत जाऊ?"

घरची परंपरा स्पष्ट होती. आधी कोश कंठस्थ करावा, मगच काव्याला हात लावावा. भीमाचार्यांनी मुलाला तसेच शिकवले होते. नियम उत्तम आहे; तो आठ वर्षांच्या मुलासाठी केलेला आहे, एवढीच त्यातील त्रुटी. रघुनंदनरावांनी तो पंचाहत्तरीला लागू केला. शिवाय कोशात मानाचे स्थान जड शब्दांना असते, म्हणून त्यांनी अख्ख्या काव्यात एखाददोनदाच येणारे शब्द निवडून काढले, त्यांना संस्कृत अर्थ जोडले आणि अनुष्टुभात बसवले. ते श्लोक त्यांनी कागदावर उतरवले नाहीत. जी कंठात नाही ती विद्याच नव्हे, असा त्यांचा सिद्धांत होता.

त्यामुळे रोज सकाळी, संध्या आटोपल्यावर, सोवळ्यातल्या माध्व घरात यज्ञातल्या बैलाच्या चरबीचे ग्रीक नाव खड्या सुरात घुमू लागले.

"अहो, स्वल्प हळू," पत्नी कावेरीबाई स्वयंपाकघरातून म्हणत. "देवापुढे चरबी कसली?"

"श्लोक आहे तो."

"श्लोकातली असली तरी चरबीच ना? नैवेद्य व्हायचाय अजून."

संहिता आली की विचारी, "आज एक तरी ओळ वाचू या?" उत्तर ठरलेले: "कोश व्हायचाय." अशा रीतीने दोन वर्षे गेली. शेवटी तिचा फोन आला. येत्या रविवारी जोड्या कायमच्या ठरणार होत्या. आजोबा आले नाहीत, तर तिला दुसऱ्या कोणाबरोबर बसवणार होते.

रघुनंदनराव इस्त्रीचे उपरणे घेऊन मेट्रोने गेले. मंडळाचे चालक प्राणेश हे संगणकक्षेत्रातले सद्गृहस्थ. त्यांनी आदराने पुस्तक पुढे केले. "सर, आपल्या पाच ओळी." प्रसंग म्हाताऱ्या राजाची गाडी जुंपण्याचा होता. रघुनंदनरावांनी ओळी अशा काही घोषात म्हटल्या की शेजारच्या सभागृहातील योगवर्ग थांबला.

"आणि अर्थ, सर?"

"यात जू बांधायच्या वादीचे नाव आले आहे. संपूर्ण काव्यात हा शब्द एकदाच येतो."

टाळ्या पडल्या. संहिताने तर दोन्ही हात उंचावून वाजवल्या.

"सुंदर! आणि बाकीच्या ओळी?"

रघुनंदनरावांनी पुस्तकाकडे पाहिले. "बाकीचे किरकोळ आहे."

"किरकोळ म्हणजे?"

"म्हणजे... 'आणि' वगैरे."

कोणीतरी हसले. प्राणेश हसले नाहीत. त्यांनी सौजन्याने संहिताची जोडी सुहास नावाच्या तरुणाशी लावून दिली. त्याला वादी येत नव्हती, पण गाडी कोणी जुंपली आणि का, हे तो सांगू शकत होता.

संहिता स्टेशनपर्यंत सोडायला आली.

"मी तुम्हाला विद्वत्ता दाखवायला बोलावलं नव्हतं, अज्जा."

"मग?"

"शेजारी बसायला."

चार दिवसांनी रघुनंदनरावांनी तिला फोन केला आणि अत्यंत औपचारिक स्वरात शनिवारी संथा देण्याची विनंती केली. शनिवारी त्यांनी नातीला पाटावर बसवले आणि स्वतः समोर जमिनीवर बसले, कारण गुरूचे आसन शिष्याहून उंच असावे लागते. गुरूने एकदा सांगायचे, शिष्याने दोनदा म्हणायचे. तिने 'आणि' सांगितले. त्यांनी दोनदा म्हटले.

"सत्त्याहत्तर वर्षं झाली," आतून कावेरीबाईंचा आवाज आला, "आत्ता कुठे यांना 'आणि' येतंय."

सुहासची जोडी मोडली नाही. रविवार व्हाइटफील्डचा राहिला, शनिवार चामराजपेटेचा झाला. दुसऱ्या सर्गातील गलबतांच्या गणतीत सामान्य वाचकाला झोप लागते. रघुनंदनराव तेथे ताठ बसू लागले होते. ती गणती संपण्यापूर्वी त्यांचे निधन झाले.

नंतरची व्यवस्था अशी. निम्मे श्लोक त्यांच्याबरोबर गेले. शनिवारी संहिताने फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून घेतले होते तेवढे व्हाइटफील्डच्या मंडळाकडे सोपवण्यात आले. त्यात चरबी गेली, याचे समाधान कावेरीबाईंनी लपवले नाही. तेराव्यानंतरच्या शनिवारी संहिता सवयीने आली, तेव्हा त्या हात पुसत बाहेर आल्या आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

"मला शब्द नकोत. ती गलबतं पोचली का, ते सांग."

संहिता मराठीत सांगते आहे. रघुनंदनरावांची गुरुदक्षिणा द्यायची राहिली. परंतु अध्ययन पूर्ण झाल्याशिवाय ती देय होत नाही, असे गुरूचे, म्हणजे संहिताचे, मत पडले. काव्याचे बावीस सर्ग अद्याप बाकी आहेत.