शेजारच्या खणातला खिळा

परवा रॉकेलचा वास आला आणि रत्नागिरीतला तो छापखाना डोळ्यांपुढे उभा राहिला. तिथे आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापत, आणि एक काकू तीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत होत्या. मी तेव्हा प्रोग्रॅमिंग शिकत होतो आणि तिथे नेहमी जायचो. मालकांनी संगणक आणला आणि त्यांना म्हणाले, "ह्याचा मेन्यू सगळा इंग्रजी. तुम्हाला नाही जमायचं, आता घरी बसा." मला इतका राग आला की मी मराठी मेन्यूचा एडिटरच, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, लिहायला घेतला! संगणकात इंग्रजी अक्षर एका बाइटचं, मराठी तीन-तीन बाइटचं. ते मधेच तुटू नये म्हणून आठवडाभर झगडलो. ऐटीत दाखवायला गेलो, तर घरी नीट दिसणाऱ्या मेन्यूत तिथे नुसते रिकामे चौकोन. मालक हसले. काकूंनी रॉकेलने खिळे धुता धुता विचारलं, "काय झालं रे?" म्हटलं, "इथे मेन्यू ज्या फाँटमध्ये, म्हणजे टाइपात, दिसतो त्यात मराठी अक्षरंच नाहीत." "मग रडतोस कशाला? आमचा एका टाइपातला खिळा संपला की शेजारच्या खणातला उचलायचा. छपाई थांबते काय?" मी उडालोच! तिथेच स्टुलावर बसून चार ओळी लिहिल्या: अक्षर ह्या फाँटमध्ये नसेल तर दुसऱ्यात शोध. मेन्यू उघडला आणि 'नवी फाईल', 'जतन करा', 'छापा' अशी अक्षरं लख्ख उमटली! काकूंनी ओलं बोट पडद्यावर ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचला आणि मालकांना विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?" आजही कुठे रिकामे चौकोन दिसले, की माझा हात आधी शेजारच्या खणाकडे जातो.