नारायण पेठेतलं कापाकापीचं दुकान

लोक कॅमेऱ्यासमोर जपून बोलतात, एडिटरसमोर मात्र काहीही बोलतात. त्यामुळे आमच्याकडे किस्से आपोआप साठत जातात.

आमचा स्टुडिओ म्हणजे नारायण पेठेतल्या दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत माझी भागीदार संघमित्रा. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात चौकशी केली, "आपण नक्की काय करता?"

"शूटिंगमधलं नको ते काढून टाकतो."

"मग नको ते शूट कशाला करतात?"

संघमित्रा अजून उत्तर शोधते आहे.

एका लग्नाच्या व्हिडिओतून नवरीच्या आईने आत्याबाईंना काढायला सांगितलं. मानपानावरून बिनसलं होतं. आत्याबाई जिथे तिथे हजर. संघमित्राने तीन दिवस खपून त्यांना गायब केलं. चौथ्या दिवशी फोन आला, "आमचं मिटलं. त्यांना परत घाला. जरा जास्तच घाला."

हडपसरचे एक कारखानदार भाषणात दर वाक्याला "काय आहे ना" म्हणायचे. मी एकूण एक काढले. भाषण बघून साहेब खूश. तिथूनच बायकोला फोन लावला, "अगं, काय आहे ना, मी फार मुद्देसूद बोलतो."

आणि देशपांडे काका-काकू. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलीने त्यांच्यावर फिल्म करायला दिली होती. दोघांच्या मुलाखती वेगवेगळ्या घेतल्या. शेवटी काका म्हणाले, "घर हिनेच उभं केलं. मी फक्त दारावर पाटी लावली, तीही माझ्या नावाची." मग चष्मा पुसत म्हणाले, "हे कापा हं. हिला कळायला नको."

मी कापलं. चार दिवसांनी फिल्म बघायला काकू एकट्याच आल्या. सगळी बघून म्हणाल्या, "यांनी काहीतरी कापायला लावलंय."

"कशावरून?"

"शेवटी चष्मा पुसतायत. चष्मा पुसावा असं काही बोललेलेच नाहीत."

मी स्क्रीन बंद करायला गेले. काकू खुर्चीतून हलेनात. शेवटी दाखवलं.

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. काकू पदर सावरून उठल्या. "त्यांनी सांगितलंय ना, मग फिल्ममध्ये नको."

दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.

"तेवढं यात घालून द्या."