घरचा पोरगा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका एकटेच राहतात. शनिवारी संध्याकाळी दार सताड उघडं ठेवून ते इंग्लंडमधल्या एका क्लबची फुटबॉल मॅच बघतात. जिन्यात पाऊल वाजलं की आतून हाक येते, "ये रे, फर्स्ट हाफच चाललाय!" मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, म्हणून मी बहुधा हात हलवून पुढे जातो. त्यांची टीम नेहमी हरायची आणि काका तिला घरच्या माणसाला द्याव्यात तशा शिव्या द्यायचे.

मग एका अब्जाधीशाने तो क्लब विकत घेतला. "आता काय, तुमची मजा आहे काका," मी म्हणालो.

गेल्या शनिवारी हाक आली नाही, म्हणून मीच आत डोकावलो. त्यांची टीम दोन गोलांनी पुढे होती आणि टीव्हीचा आवाज बंद होता.

"काय झालं काका? जिंकताय की!"

"आमचा लेफ्ट बॅक विकला रे, डावीकडे बचाव करणारा. मालकाने वारेमाप खर्च केला, आता लीगच्या खर्चाच्या नियमात बसायला नफा दाखवायचाय. बाहेरून आणलेला खेळाडू विकला तर त्याच्या खरेदीची किंमत नफ्यातून वजा होते. हा क्लबातच वाढलेला, म्हणजे सगळाच नफा. म्हणून आधी घरचा पोरगा गेला." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "यातल्या एकालाही मी ओळखत नाही."

मी चपला काढून त्यांच्या शेजारी बसलो. तिसरा गोल झाला, मैदानावरचे सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि काका उठून माझ्यासाठी चहा टाकायला गेले.