गोलच्या मागची जागा

जर्मनीतल्या आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी कोणाची ते दाराला अडकवलेल्या पाटीवरून कळतं. एक आठवडा पाटी आमच्या दाराला, पुढचा आठवडा समोरच्या. समोर राहणारे आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. समोर पाहिलं की त्यांना मधोमध एक करडा डाग दिसतो, कडेकडेचं थोडंफार कळतं. तरी माझ्या पाळीच्या शनिवारी ते कठड्यावरून बोट फिरवत खाली उतरायचे आणि तळाशी थांबून ते बोट अंगठ्यावर चोळून पाहायचे. माझा नवरा इथल्या मोटारींच्या कारखान्यात गुणवत्ता तपासतो. त्याच्या मते ही तपासणी जास्त कडक होती.

अशाच एका शनिवारी, बोट स्वच्छ निघाल्यावर, त्यांनी मला विचारलं, "तुम्ही एकदा म्हणाला होतात, तुमच्याकडची कुठलीशी जुनी लिपी तुम्हाला वाचता येते. मग आमची येईल का?"

मी पुण्यात कॉलेजात असताना मोडी शिकले होते. वडील जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरात नोकरीला होते, तेवढंच कारण. मोडी लिहिताना हात उचलायचा नाही आणि वाचताना धीर सोडायचा नाही. शंभर वर्षांपूर्वीचं जर्मन हस्ताक्षर मी पाहिलं तेव्हा परकं वाटलं नाही. तशाच एकमेकींना टेकून चाललेल्या काठ्या. इथली आजची मुलं त्याकडे आपली मुलं मोडीकडे पाहतात तशीच पाहतात.

वही काळ्या पुठ्ठ्याची होती, तळघर आवरताना सापडलेली. आजोबांच्या आजोबांची. ते तरुणपणी उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणीच्या गावात खाटीक होते. या भागातून तेव्हा बरेच खाटीक तिकडे सॉसेजचा धंदा करायला गेले होते. त्या गावच्या फुटबॉल क्लबातून ते खेळले, अशी घरातली गोष्ट. आजोबा ती गोष्ट ऐकत वाढले आणि सांगत म्हातारे झाले. वहीत सॉसेजच्या पाककृती आहेत, असं त्यांची आई म्हणायची, म्हणून कोणी ती उघडली नव्हती.

आणि आता इथल्या गावच्या फुटबॉल फेराइनचा, म्हणजे क्लबचा, वर्धापन सोहळा होता. अध्यक्षांना एक पूर्वज हवा होता. इंग्लंडच्या मैदानावर खेळलेला आपल्या गावचा पहिला खेळाडू, अशी पितळी पाटी ते क्लबहाउसात लावणार होते. फक्त कुठेतरी काही लिहिलेलं असलं तर बरं, म्हणाले.

दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाचू लागले. पाककृती नव्हत्या. एका हंगामातल्या सामन्यांच्या नोंदी होत्या, पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या शरद ऋतूतल्या. इंग्लंडात तेव्हा युद्ध आणि लीग दोन्ही चालू होतं. कारकून, विणकर, कोळसेवाले शनिवारी दुपारी मैदानावर येत आणि वर्तमानपत्रं त्यांना त्याबद्दल लाज वाटायला सांगत.

"आपण जिंकलो," पहिल्या पानावर लिहिलं होतं. आजोबांनी टेबलावर हात आपटला. "पाहिलंत? आपण!"

मला तिथेच थोडी शंका आली. माझे सासरेही कोथरूडला सोफ्यावर लोळून "आपण जिंकलो" म्हणतात आणि त्यांनी आयुष्यात बॅट धरलेली नाही.

चौथ्या पानावर शंका उरली नाही. "आज गोलच्या मागे नेहमीची जागा मिळाली. धुकं आणि गिरण्यांचा धूर. पलीकडचा गोल दिसत नाही. तिकडे ओरडले. आपला असावा."

मी ते सगळं मनात वाचलं आणि मोठ्याने पुढचं वाचलं.

यात वाईट हेतू काहीच नव्हता. आमच्या घरी माझ्या आजोबांचे रिपोर्टही असेच वाचून दाखवले गेले होते. हिमोग्लोबिन मोठ्याने, बाकीचं डोळ्यांनी. तेही शेवटपर्यंत "बरं आहे ना सगळं?" असं विचारत राहिले आणि सगळं घर एकसुरात "हो" म्हणत राहिलं. वडीलधाऱ्या माणसाला दुखेल ते सांगायचं नाही, हे मी इतकं लहानपणी शिकले की ते शिकले आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, सरळ सांगून टाक ना. जर्मन आहेत ते. त्यांना सरळच आवडतं."

"मग तू सांग."

"मी कसा सांगू? मला कुठे ती लिपी येते!"

तीन गुरुवार मी अशीच गाळत गेले. धक्काबुक्की, चिखल, गोलकीपरची टोपी उडाली, हे सगळं वाचायचे. गोलच्या मागची जागा, तिकिटाची रांग, पायांची काकडलेली बोटं गाळायचे. आजोबा डोळे मिटून ऐकत. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते मोडणारी मी कोण, असं मी स्वतःला सांगायचे.

चौथ्या गुरुवारी त्यांनी कॉफी ओतता ओतता सांगितलं, "आल्झो, तर मग, पाटी झाली कोरून. अध्यक्षांना मी कळवलं, मूळ नोंदी तपासल्या आहेत म्हणून. तुमचाही उल्लेख केला, तज्ज्ञ म्हणून."

कप मी खाली ठेवला. "मी सगळं वाचलेलं नाही," मी म्हटलं.

"अजून पानं आहेत, माहीत आहे."

"वाचलेल्या पानांतलंही सगळं नाही."

कॉफीचं भांडं त्यांनी चाचपून जागेवर ठेवलं. "काय गाळलंत?"

मी सांगितलं. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मला वाटलं होतं ते खचतील. ते चिडले, आणि स्वतःच्या आजोबांसाठी नाही. "ते खेळले नाहीत. बरं. बहुतेक लोक खेळत नाहीत," ते म्हणाले. "पण मला दिसत नाही म्हणून मला ऐकूही येऊ नये, हे तुम्ही कधी ठरवलंत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट मला वाटायचं होतं. ते तुम्ही माझ्या परवानगीशिवाय घेऊन गेलात." मग त्यांनी वही चाचपून माझ्याकडे सरकवली. "पहिल्या पानापासून वाचा. स्वल्पविरामासकट."

त्या दुपारी मी अंधार पडेपर्यंत वाचत होते. गाळलेली वाक्यं त्यांच्या जागी गेल्यावर वही बदलली. आधी तिच्यात नुसते सामने होते, आता माणूस आला. शुक्रवारी मांस कुटून, शनिवारी दुपारी हात धुऊन, मफलर घालून तो मैदानावर जायचा. गोलच्या मागे त्याच्या डाव्या हाताला कित्येक वर्षं एकच विणकर उभा असे. त्याचं नाव कुठेही नाही, "शेजारचा" एवढंच. शेजारच्याला एकच दात, आणि रेफ्रीला घातलेल्या शिव्या त्या दातातून शिट्टीसारख्या निघत.

शेवटची नोंद नोव्हेंबरातल्या एका सामन्याची होती. ती मला पाठ आहे.

"मध्यंतरात मोठ्या मिशांचे एक गृहस्थ खोक्यावर चढले. खेळ पुरे, फ्रान्सला चला, जर्मनांना धडा शिकवा, म्हणाले. स्वतः ते कधी निघणार ते सांगितलं नाही. बँड वाजला. दोघं पुढे गेले, त्यांतला एक चहाच्या टपरीकडे वळला. मी दुपारभर तोंड उघडलं नाही, उच्चारावरून कळलं असतं. आमच्या मागे कोणीतरी म्हणालं की इथेही एक आहे म्हणे. शेजारचा तेव्हा डावीकडून निघून माझ्या मागे येऊन उभा राहिला, पाठीला पाठ लावून. नंतर आपण गोल केला. मी गप्प. शेजारचा माझ्या वाटचंही ओरडला. उद्या पोलीस ठाण्यात हजर व्हायचं आहे. उरलेले सामने तो बघेल."

पुढची पानं कोरी होती. त्या खाटिकाला शत्रूदेशाचा म्हणून छावणीत ठेवलं आणि युद्धानंतर जर्मनीला धाडून दिलं, एवढं आजोबांना ठाऊक होतं. हंगामाचा शेवट काय झाला हे फोनवर क्षणात सापडलं असतं. मी विचारलं, पाहू का? "नको," ते म्हणाले. "त्यांनाही कळलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर अध्यक्षांना फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, "पण पाटी झाली आहे हो! आणि कोण तपासायला जातंय?"

"मी," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला तर दिसत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच ऐकून घेतलं."

सोहळा शनिवारी दुपारी होता. ब्रास बँड, महापौरांचा प्रतिनिधी, त्या प्रतिनिधीचाही प्रतिनिधी. भाषणांत 'परंपरा' हा शब्द इतक्या वेळा आला की माझी मुलगी बोटांवर मोजायची थांबली. पाटीवर हिरवं कापड होतं. अध्यक्षांनी आजोबांना दोन शब्द बोलायला बोलावलं, फोन झालाच नाही अशा हसऱ्या चेहऱ्याने. मी त्यांचा कोपर धरून त्यांना माइकपर्यंत नेलं.

"माझे आजोबा खेळले नाहीत," ते म्हणाले. "ते गोलच्या मागे उभे राहायचे आणि चांगलं सॉसेज करायचे. या बाई आता वाचतील."

मी शेवटची नोंद वाचली, एकही शब्द न गाळता. पहिल्या रांगेतला एक म्हातारा टोपी काढून मांडीवर घेऊन बसला. वाचन संपलं तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळेना, आणि तेवढ्यात बँडमास्तरने, ठरल्याप्रमाणे, छडी वर केली. बँड सुरू झाल्यावर अध्यक्षांनाही कापड ओढणं भाग पडलं.

पाटी अजून तिथेच आहे, शब्दही तेच. ती काढून टाकायला सांगा, असं मी म्हटलं होतं. "राहू दे," आजोबा म्हणाले. "खाली कोट अडकवायला खुंटी आहे, तेवढा तरी उपयोग."

माझ्यावरचा त्यांचा राग किती दिवस टिकला ते मला सांगता येणार नाही. ते मला पत्रं, बिलं, डॉक्टरांचे रिपोर्ट वाचायला देत राहिले, पण वाचून झालं की दर वेळी विचारत, "सगळं?" मी "सगळं" म्हणायचे. ते मान हलवून पुढच्या कागदाला हात घालायचे. बोट चोळून पाहावं तसंच ते होतं.

मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्यांनी दार वाजवलं. अंगात कोट, गळ्यात मफलर. "गावात सामना आहे. मला गोलच्या मागे उभं राहायचंय."

आम्ही गेलो. बसायला बाकं होती, ती त्यांनी नाकारली. मैदानावर धुकं उतरलं होतं. मलाही पलीकडचा गोल नीट दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी ऑफसाइड मला अजून कळत नाही. जवळ होईल ते मी त्यांना सांगत होते. गोलकीपर हातमोजे घट्ट करतोय. तो चिखलात पडला. उठला. एकदा मी गप्प राहिले तर त्यांनी कोपराने ढोसलं.

दूर, धुक्यापलीकडे, अचानक गलका झाला. मी टाचा उंचावून पाहिलं. काहीच दिसलं नाही.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दिसत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "तिकडे ओरडले," ते म्हणाले. "आपला असावा."