गोदावरीबाईंचा अॅकॉर्डियन आणि पबवाल्यांचा चार पानी फॉर्म

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या गोदावरी टेंभेकर सिंचन विभागातून निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी पबमध्ये अॅकॉर्डियन वाजवायला लागल्या. हे ऐकून शेजारच्या अंजनाबाईंनी हातातली परडी खाली ठेवली होती. "पबमधे? म्हणजे जिथं पितात तिथं?" गोदावरीबाई म्हणाल्या, "पितात ते पितात, मी वाजवते. दुपारी एक ते चार, तेही रविवारी."

हा अॅकॉर्डियन त्यांच्या वडिलांचा. नरहर ढोमणे वर्ध्याहून रायपूरला आले आणि रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात फिटर झाले. त्यांचा अँग्लो-इंडियन फोरमन सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा हे जड वाद्य त्यानं नरहररावांच्या हवाली केलं. नरहररावांना काही ते जमलं नाही. जमलं नऊ वर्षांच्या गोदेला. अॅकॉर्डियन छातीशी घेतला की तिला स्वतःचे पाय दिसत नसत, पण बोटं बरोबर जागच्या जागी पडत. पुढं कॉलेजात असताना गणपतीच्या दिवसांत ती ऑर्केस्ट्रात वाजवायची, आणि स्टेजवरची एकटी पोट्टी म्हणून लोक मान उंच करकरून बघायचे. मग सरकारी नोकरी लागली, शाळामास्तर नीलकंठ टेंभेकरांशी लग्न झालं, मुलगी झाली, आणि वाद्य कपाटावर चढलं ते तीस वर्षं तिथंच राहिलं.

निवृत्तीनंतर त्यांनी ते खाली काढलं. भात्याला भोक पडलं होतं. गोल बाजाराजवळ बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं पंधरा दिवस खपून ते बुजवलं. आणायला गेल्या तेव्हा त्यांनी दुकानातच उभ्या उभ्या पाच मिनिटं वाजवून पाहिलं. गिटारच्या तारा घ्यायला आलेला एक दाढीवाला तरुण पैसे द्यायचे विसरून ऐकत राहिला.

"काकू, संडे को फ्री हो क्या?" त्यानं विचारलं. हा शिशिर. मराठी घरातलाच, पण बोलणं अर्धं हिंदी. तो गिटार वाजवून गायचा आणि त्याचा जोडीदार मनहरण साहू कॅहोन वाजवायचा. कॅहोन म्हणजे ज्यावर बसून थापा मारायच्या तो लाकडी खोका. व्हीआयपी रोडवरच्या ‘तांबा टॅप’ नावाच्या पबमध्ये दोघांना रविवारची दुपार मिळाली होती आणि तिसरं वाद्य हवं होतं.

तेव्हापासून दर रविवारी बारा वाजता ई-रिक्षा दारात यायची. गोदावरीबाई सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज आणि मांडीवर अकरा किलोंचा डबा अशा थाटात निघायच्या. ‘तांबा टॅप’मध्ये दुपारी कुटुंबं जेवायला येत. पोरं खुर्च्यांवर उभी राहून गोदा आंटीचा भाता उघडताना-मिटताना बघत. त्या दुपारच्या तीन तासांत त्यांचे गुडघे दुखत नसत. चारला थांबल्यावर दुखत. पण ते चालण्यासारखं होतं.

दोन वर्षं अशी गेली. मग एका रविवारी वादन संपल्यावर हिशेब विभागातली निधी हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आली. निधी नागपूरकडच्या घरातली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत.

"आंटी, ये सबको भरना है. मालिक का नया नियम है. पहली तारीख तक नहीं दिया तो स्टेज नहीं मिलेगा."

फॉर्म चार पानांचा होता. नाव, पत्ता, पॅन, आधार, बँकेचं पासबुक. इथवर ठीक. पुढं तीन वर्षांच्या आयकर विवरणाच्या प्रती. इतर सर्व ठिकाणांहून मिळणारं उत्पन्न. पती किंवा वडिलांचं उत्पन्न. घर स्वतःचं की भाड्याचं. आणि शेवटच्या पानावर, आयकर पोर्टलचा पासवर्ड.

शिशिरचा चेहरा पडला. "काकू, मैंने तो जिंदगी में कभी रिटर्न नहीं भरा. आता काय करू?"

मनहरणनं फॉर्मची घडी केली, खिशात घातली, पुन्हा काढली आणि पुन्हा घातली. त्याच्या पॅनवर नाव ‘मनहरन’ होतं आणि बँकेत ‘मनहरण’. या एका अक्षरापायी मागच्या वर्षी त्याचे पैसे दोन महिने अडकले होते.

आठवडाभरात ‘तांबा टॅप’मध्ये वाजवणाऱ्या सगळ्यांत बोंब झाली. कोणी म्हणालं आयकरवाले धाड टाकणार. कोणी म्हणालं पबवाल्यांना आपल्याला काढायचंच आहे, हे निमित्त. एक गायक तर म्हणाला, मी आपला लग्नाच्या वरातीत परत जातो, तिथं नवरदेवाचा मामा कधी पॅन विचारत नाही.

गोदावरीबाई मात्र शांत होत्या. त्यांनी फॉर्म घरी नेला, चष्मा लावला, लाल-निळी पेन्सिल घेतली आणि ओट्यावर बसून तो दोनदा वाचला. कागदाची त्यांना भीती नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी आस्थापना शाखेत काढली होती. छत्तीसगढ हे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा भोपाळहून ट्रकांमधून फायली आल्या होत्या. कुठला कर्मचारी कोणाकडे, कोणाची सेवापुस्तिका कुठं, कोणाच्या बापाचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी. खुर्च्या आल्या नव्हत्या, म्हणून गोदावरीबाई आणि त्यांच्या शाखेनं जमिनीवर सतरंजी घालून ते सगळं लावलं होतं. चार पानांचा फॉर्म म्हणजे त्यांच्यापुढं काय!

त्यांनी शिशिरला फोन केला. "शनिवारी सकाळी सगळ्यांले घरी बोलाव. कागद घेऊन या म्हणावं. आणि ज्याचं वाद्य हातात उचलता येते त्यानं वाद्यही आणा."

"वाद्य काहून, काकू?"

"कागद पाहता पाहता माणसाचं तोंड वाळते. मधे मधे वाजवू."

शनिवारी अकरा जण आले. चपला जिन्यापर्यंत गेल्या. नीलकंठरावांनी आदल्या रात्रीच भिजवलेल्या साबुदाण्याची पातेली काढली, कारण कोण उपासाचा आणि कोण नाही हे विचारत बसण्यापेक्षा सगळ्यांना खिचडी बरी. गोदावरीबाई खाटेवर बसल्या आणि त्यांनी फॉर्म समोर धरला.

"ऐका. तुम्ही सारे घाबरून राहिले, ते अर्धं उगीच आणि अर्धं बरोबर. पबवाला आपल्या मानधनातून कर कापते, तो आपल्या नावानं सरकारात जमा करते. त्यासाठी त्याले पॅन लागते. ते द्यायचं. नाही दिलं तर जास्त कापतील, आपलंच नुकसान. पैसे खात्यात टाकायले खाते नंबर लागते. तो द्यायचा. इथवर त्यांचा हक्क."

तिथं त्यांनी निळी रेघ मारली.

"आपण विवरण भरतो की नाही, ते त्यांले पॅन टाकून पोर्टलवरच पाहता येते. प्रत कशाले पाहिजे? माझ्या नवऱ्याची पेन्शन किती, ते त्यांले काहून सांगू? आणि पासवर्ड?" त्यांनी लाल पेन्सिल इतक्या जोरात दाबली की टोक मोडलं. "पासवर्ड तर मी नवऱ्यालेही सांगितला नाही."

"खरंच नाही सांगितला," स्वयंपाकघरातून नीलकंठराव म्हणाले, आणि अकराही जण हसले. आठवडाभरातलं ते पहिलं हसू.

मग एकेकाचे कागद निघाले. मनहरणचा पॅन दुरुस्तीचा अर्ज तिथल्या तिथं मोबाइलवर भरला गेला. "एक अक्षर के सेती अतेक दिन ले हलाकान रहेंव, दाई," तो त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला; एका अक्षरापायी इतके दिवस हैराण होतो, आई. शिशिरचं आयकर पोर्टलवरचं कर कपातीचं स्टेटमेंट उघडून पाहिलं तर मागच्या वर्षभर त्याचा कर कापला गेला होता आणि त्याच्या नावावर पडून होता. त्याची एकूण कमाई कर लागण्याइतकी नव्हतीच.

"म्हणजे?" शिशिरनं विचारलं.

"म्हणजे रिटर्न भर, ते पैसे तुले परत भेटतील. दोन वर्षं तू आयकरवाल्याले भिऊन राहिला, आणि तोच तुले देणं लागते."

शिशिरनं गिटार उचलली. मनहरण खोक्याऐवजी उलट्या पातेल्यावर बसला, नीलकंठराव "अरे, ते जर्मलचं आहे, चेपेल" म्हणत धावले, आणि बाजूच्या गच्चीवरून अंजनाबाई डोकावून बघू लागल्या.

दुपारी पत्र लिहिलं. गोदावरीबाईंनी ते सरकारी हिंदीत सांगितलं, विषय आणि संदर्भासकट, आणि नीलकंठरावांनी मास्तरी अक्षरात उतरवलं. आवश्यक ती माहिती आनंदानं देऊ, अनावश्यक देणार नाही, आणि फॉर्म एक पानाचा करावा. सह्या सुरू झाल्या. नावापुढं व्यवसाय लिहायचा होता. गोदावरीबाईंची पाळी आली. सवयीनं हात ‘सेवानिवृत्त सहायक’ लिहायला वळला आणि थांबला. त्यांनी पेन झटकलं, जरा विचार केला आणि लिहिलं, अॅकॉर्डियन वादक. लिहून झाल्यावर कागद थोडा दूर धरून पाहिला. मग त्या पाणी प्यायला आत गेल्या.

बाहेर वेगळीच अडचण उभी होती. सह्यांपाशी समूहाचं नाव लिहायचं, तर गोदावरीबाई, शिशिर आणि मनहरण या तिघांना नावच नव्हतं. "दाई, नाव लिखन का?" मनहरणनं विचारलं. "हव, हव, लिही," त्या आतून ओरडल्या. त्यानं ते शब्दशः घेतलं आणि लिहून टाकलं, ‘हव हव’. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. खोडायला कोणीच तयार होईना.

सोमवारी गोदावरीबाई, शिशिर आणि मनहरण ‘तांबा टॅप’च्या ऑफिसात गेले. मालक सचिन भैया चाळिशीचे, कपाळावर आठ्या. त्यांनी पत्र वाचलं.

"आंटी, मैं क्या करूं? पिछले ऑडिट में आधे कलाकारों का पॅन ही नहीं था. मुझे नोटीस आया. सलाहकार बोला, सब मंगा लो, एक बार में झंझट खतम."

"झंझट संपली नाही न, भैया, वाढली," गोदावरीबाई म्हणाल्या. "इतक्या जणांचे पासवर्ड तुमच्या कपाटात. उद्या कोणाच्या खात्यात काही गडबड झाली तर लोक पहिले कोणाकडे येतील?"

सचिन भैयांनी निधीकडे पाहिलं. निधी खाली बघत हळूच म्हणाली, "सर, मैंने भी यही बोला था. वो फाइल मेरे ही टेबल पे रहती है. मुझे नींद नहीं आती."

सचिन भैया हसले. आठ्या बऱ्याच कमी झाल्या. "तो फिर आप ही बना दीजिए, आंटी. एक पेज."

"खुर्ची द्या."

निधीच्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी वीस मिनिटांत फॉर्म तयार केला. नाव, समूह, वाद्य, पॅन, बँक, सही. खाली एक ओळ त्यांनी मुद्दाम घातली: कापलेल्या कराचं प्रमाणपत्र पब कलाकाराला वेळेवर देईल. सचिन भैयांनी ती ओळ दोनदा वाचली आणि होकारार्थी मान डोलावली. ज्यांनी आधीच चार पानं भरून दिली होती, त्यांची पानं निधीनं फाडण्याच्या मशीनमध्ये घातली. एकेक पान जाताना ती शेजारी उभ्या मनहरणला नाव वाचून दाखवत होती, म्हणजे कोणाचं राहायला नको.

पुढच्या दोन महिन्यांत शिशिरचे पैसे परत आले. त्यानं गोदावरीबाईंसाठी पाठीला आधार देणारी उंच खुर्ची घेतली, कारण स्टेजवरच्या स्टुलावर त्यांची कंबर धरायची. व्हीआयपी रोडवरच्या आणखी दोन पबांनी एकपानी फॉर्म मागून नेला. त्यांच्याकडे वाजवणारी मंडळीही शनिवारी कागद घेऊन यायला लागली, आणि नीलकंठरावांनी किराणावाल्याला साबुदाणा जास्त पाठवायला सांगितला.

दिवाळीआधीच्या रविवारी सचिन भैयांनी शनिवारच्या सगळ्या अकरा जणांना गोदावरीबाईंसोबत एकत्र वाजवायला बोलावलं. स्टेज पुरेना, म्हणून दोन टेबलं काढली. वरातीत परत जायला निघालेला तो गायकही आला होता आणि त्याचाच आवाज सगळ्यांत वर लागत होता. अडीचच्या सुमाराला गोदावरीबाईंनी वॉल्ट्झची एक चाल धरली, फोरमनच्या बायकोनं ऑस्ट्रेलियाला जाण्याआधी शिकवलेली, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. कोपऱ्यातल्या टेबलावरचं एक सत्तरीचं मारवाडी जोडपं आधी लाजलं आणि मग उठलं. त्यांच्यामागून नातवंडं उठली. निधी हिशेबाची वही बाजूला ठेवून स्टाफमधल्या एकीला ओढत मधे आली. मनहरण डोळे मिटून थापा मारत होता.

गोदावरीबाईंनी भाता पूर्ण उघडला. चाल संपवायची वेळ झाली होती, पण ते म्हातारं जोडपं आता कुठं पावलं जुळवत होतं. शिशिरनं भुवई उडवून विचारलं, थांबायचं का? त्यांनी मान हलवली, नाही. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.