काळ्यावर पांढरं नाव

मी सिनेमाची पहिली दोन मिनिटं करते. बाकीचा सिनेमा दुसरे लोक करतात. माझ्या दोन मिनिटांत नावं येतात आणि लोक खुर्च्या शोधत असतात. घरी बघणारे तर एक बटण दाबून ती उडवूनच लावतात. त्या बटणावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

रहस्यपटाच्या नावांमध्ये काहीही घडवायचं नसतं, हे मी सांगलीत माधवनगरच्या रस्त्यावरच्या माझ्या खोलीत चुकत चुकत शिकले. नाव वाचायला लागतो त्याहून किंचित जास्त वेळ ते पडद्यावर ठेवायचं. मग पुसायचं, आणि पुढचं लगेच आणायचं नाही. मध्ये नुसता काळा पडदा. त्या काळ्यात बघणारा आपणहून काहीतरी शोधायला लागतो. ढोल बडवून घाबरवणाऱ्यांची मला कीव येते.

गेल्या वर्षी उसाच्या फडात घडणारा एक रहस्यपट हाती आला. त्यात पहिल्यांदाच पडद्यावर माझं एकटीचं नाव येणार होतं. माझं, मध्ये वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, मग आडनाव. ते आईनं बघावं, एवढीच माझी इच्छा होती. आई माझ्या कामाला ‘ते कॉम्प्युटरचं’ म्हणते. शिवाय कुठलाही रहस्यपट लागला, की नावं संपेपर्यंत ती चहा टाकायला जाते. खून झाला की येऊन बसते आणि खुनी कोण ते सगळ्यांच्या आधी सांगते.

काम पक्कं करून देण्याआधी मी लॅपटॉप घेऊन गावी गेले, कोरेगावच्या पुढे. दुपारी जेवणं झाल्यावर आईला हाताला धरून बसवलं. शेजारी अप्पा. फौजेतून येऊन इतकी वर्षं झाली, तरी ते अजून ताठच बसतात.

पहिलं नाव आलं. मग काळं. उसाच्या पात्यांची सळसळ. दुसरं नाव. आईनं पदर तोंडाशी धरला. जमलं, असं वाटून मी मनातून खूश झाले. मग माझं नाव आलं आणि आई उठून सरळ मागच्या दारानं परसात गेली.

“फस्क्लास,” अप्पा म्हणाले. “आमचंबी नाव हाय की मदी.”

मला त्यांचं कौतुकही नको होतं. मी तणतणत परसात गेले. आई दोरीवरचे कपडे काढत होती. ओले होते अजून.

“एवढं एक नाव बघ म्हटलं होतं,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

“बघितलं की.”

“मग उठलीस का?”

तिनं हातातला ओला सदरा पुन्हा दोरीवर टाकला. मग म्हणाली, “चावडीपुढचा दगड बघितलायस न्हवं तू?”

न बघून कसं चालेल? गावातले जे जवान परत आले नाहीत त्यांची नावं त्या काळ्या दगडावर पांढऱ्या रंगात आहेत. प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शेवटच्या नावाखाली जागा मोकळी ठेवलेली. लहानपणी एसटीची वाट बघत आम्ही त्याच दगडाला टेकून बसायचो.

“हे फौजेत हुते तवर रोज रानात जाताना त्येच्यापुढनं जायाची मी,” आई म्हणाली. “खालची मोकळी जागा दिसायची. तितं ह्यांचं नाव कसं दिसंल, ते मला तवाच पाठ झालंतं. आज तू तसंच लिवून दावलंस. खुनाचं काय न्हाई गं. झाला की कळतं तरी. पर ही नावं यायला लागली, की मला बसवत न्हाई.”

मला लाज वाटली. काळं किती वेळ ठेवायचं याचा हिशेब मला जमला म्हणून मी मिरवत होते, आणि ही बाई त्यात वर्षानुवर्षं बसून होती.

“मग अप्पांचं नाव मधून काढून टाकू का?”

“अजाबात न्हाई!” ती कडाडली. “जित्या माणसाचं नाव काढत्यात व्हय?”

सांगलीला परतल्यावर मी एकच बदल केला. सगळी नावं काळ्यावर राहिली. माझं तेवढं उन्हातल्या उसावर घेतलं, सरीतून पाणी वाहतंय तिथं. दिग्दर्शकाचा फोन आला, “ताण तुटतोय. नेमका तुमच्याच नावाला.” खरंच तुटत होता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. “तुटू द्या,” मी म्हणाले. तो बराच वेळ कुरकुरला आणि शेवटी त्यानं नाद सोडला.

पुन्हा गावी गेले. अप्पा बाहेर सायकल पुसत होते. काळ्यावरची नावं सरेपर्यंत आई मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. “आता बघ,” मी म्हणाले, तशी तिनं मान वर केली आणि पडद्यावर बोट ठेवून माझं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. पुढं नवऱ्याचं नाव. ते तिनं आजवर मोठ्यानं उच्चारलेलं नाही. बोट तिथंच थांबलं.

“थांबीव गं जरा,” ती म्हणाली. मी थांबवलं.

बोट न उचलता ती दाराकडे वळली आणि मोठ्यानं ओरडली, “आवं, या की हिकडं! तुमचं नाव आलंय!”