खाटेचा कठडा

लोखंडी खाटेच्या कठड्याचा हिरवा रंग एकाच जागी उडाला होता, बरोबर मुठीएवढा. "कळा देताना बायका तिथंच धरतात," सिस्टर म्हणाल्या.

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीला, सुमीला, मी दवाखाने दाखवत होते. सकाळी नव्या दवाखान्यातली यंत्रं, एसी खोली तिनं मुकाट्यानं पाहिली होती. आता या जुन्या प्रसूतिगृहात, आम्ही दोघी जन्मलो तिथं, तिनं त्या रंग उडालेल्या जागी मूठ ठेवली. मूठ तिथं नेमकी बसली.

"ताई, हे गरम आहे गं. आत्ताच कुणी सोडल्यासारखं."

"खाट तर आठवडाभर रिकामी आहे," सिस्टर म्हणाल्या.

खोलीत आम्ही तिघीच होतो, तरी मला बायकांच्या गर्दीत उभं असल्यासारखं वाटलं. माझ्या वेळी मी डॉक्टरांच्या पदव्या विचारल्या होत्या, रक्ताची सोय विचारली होती. त्या घटकेला हातात काय धरायचं, ते विचारायचं सुचलंच नाही. चादर मुठीत आवळून मी एकटीच ओरडत राहिले.

"इथंच," सुमी म्हणाली आणि दाराकडे वळली.

मी हळूच तिथं मूठ ठेवली. तिचा हात नुकताच निघाला होता, तरी लोखंड बर्फासारखं गार होतं.